कोरडी बादली

"बादली कोरडी आहे!" पकड ओरडली.

"मग? तहान लागलीय का तुला?" चष्मिशने विचारलं.

"अरे शहाण्या, एसी चालू असला की या नळीतून पाणी ठिबकतं. दुपारचे दोन वाजलेत आणि थेंब नाही! वर टांगलेल्या एसीच्या बाहेरच्या डब्यातला पंखासुद्धा बंद!"

पकड ही एसी दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. खिशात सदैव पकड, म्हणून हे नाव. चष्मिशचा चेहरा मात्र पडला. घरी रंगकाम निघालं म्हणून त्याचा ढब्बू, म्हातारा, लठ्ठ, केसाळ कुत्रा, तीन दिवस याच घरात होता. दारावर पाटी होती: 'प्राण्यांचं पाळणाघर. दिवसभर एसी!'

त्यांनी घंटा वाजवली. मालकाने दार बोटभर उघडलं. "प्राणी झोपलेत. संध्याकाळी या!" आणि दार धाडकन बंद!

पकडचं डोकंच फिरलं. ती तरातरा घरी गेली आणि बाबांची हत्यारांची जुनी पिशवी घेऊन आली.

"ताई, मारणार आहेस का त्याला?" सतत तिच्या मागेमागे फिरणारा धाकटा भाऊ शेपूट आशेने म्हणाला.

"नाही. त्याच्याच तोंडून वदवून घेणार आहे!"

पुन्हा घंटा. "काका, एसी बघायला आलेय," पकड साखरेच्या आवाजात म्हणाली.

"उजाडलं का एकदाचं!" मालक खूश. "दहा दिवस बंद आहे. तुझे बाबा नुसते म्हणतात, नंबर लागला की येतो. ये, ये!"

म्हणजे बाबांना माहीत होतं? पण विचार करायला वेळ नव्हता.

आतली खोली भट्टीसारखी तापली होती. खिडक्या बंद, भांडी कोरडी. बाकीची चार कुत्री धापा टाकत होती. ढब्बू कोपऱ्यात आडवा पडला होता. चष्मिशने हाक मारली, तरी शेपटी हलली नाही.

"पंखा लावलाय की!" मालक चाचरला.

"त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही! नुसत्या पंख्याने काय होणार?" पकड कडाडली. "शेपूट, खिडक्या उघड, भांडी भर! मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन ये! चष्मिश, तिकडून धर!"

दोघांनी ढब्बूला ओढत मागच्या सावलीत आणलं. नळाचं पाणी त्याच्या पायांवर, पोटावर ओतलं, फडक्याने वारा घातला. चष्मिश रडत होता, पण हात थांबले नाहीत.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. ढब्बूला तपासून त्यांनी सुई टोचली. "अर्धा तास उशीर झाला असता तर हा गेला असता!" त्या मालकावर अशा कडाडल्या की त्याला पळता भुई थोडी झाली. मग मुलांकडे वळल्या. "शाबास रे पोरांनो!"

तेवढ्यात आपली पिशवी शोधत पकडचे बाबा आले. त्यांनी अभिमानाने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "माझीच मुलगी!"

पकडने हात झटकला.

"बाबा, दहा दिवस तुम्हाला माहीत होतं!"

"अगं, सीझन आहे. किती कामं पडलीत. नंबर लावला होता ना त्यांचा..."

"नंबर एसीचा लावलात! आत कोण आहे, ते विचारलंत का?"

पकडने ओलं फडकं त्यांच्या हातात कोंबलं.

"वारा घाला!"

बाबा मुकाट्याने मांडी घालून बसले आणि वारा घालू लागले. बऱ्याच वेळाने ढब्बूने डोळे उघडले, चष्मिशच्या ओंजळीतलं पाणी चाटलं आणि शेपटी एकदाच जमिनीवर आपटली.

"थांबू का आता?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही," पकड म्हणाली. "अजून चार आहेत."