वाळूतून निघालेली गाडी

दुपारचे चार वाजले होते. जयपूरजवळच्या चौमू गावापुढच्या कोरड्या नदीत, आंधी म्हणजे वाळूचं वादळ अंगावर येत असताना, नंदकिशोर मला एकट्याला सोडून गाडी घेऊन निघून गेला.

घडलं ते एवढंच. १९८७ चा मे महिना. मी तेव्हा जयपूरला एका वृत्तसंस्थेचा बातमीदार होतो. न घडलेलं लिहायची मला सवय नाही. इथेही पदरचं काही घातलेलं नाही.

नंदकिशोर माझा साताऱ्याचा शाळासोबती. बँकेतून बदली होऊन जयपूरला आला आणि मालवीय नगरात आमच्याच गल्लीत राहिला. परमुलखात मला भाऊ म्हणावा असा तोच एक.

त्या वर्षी दुष्काळ होता. मला बातम्यांसाठी आणि त्याला बँकेच्या कामासाठी वाळूतल्या वस्त्यांवर जावं लागे. म्हणून दोघांत मिळून एक गाडी घ्यायचं ठरलं. वाळूत चालेल अशी, आणि रोज मुलांना शाळेत सोडेल अशीही.

आधी लष्कराने मोडीत काढलेली एक जीप पाहिली. माझी बायको विभा तिच्यात एक चक्कर मारून उतरली.

"यातून मुलं शाळेत जाणार? पोचेपर्यंत डब्यातल्या भाजीची चटणी होईल."

मग नंदूने रेंज रोव्हर शोधून काढली. एका ठाकुरांच्या हवेलीत उभी होती. चौदा वर्षं जुनी, बाटलीसारखी हिरवी, आत गादीसारख्या सीटा. चारही चाकांना इंजिनाचा जोर. दारं मात्र दोनच. मागे चढायचं तर मागचं झाकण उघडायचं आणि सामानाच्या जागेत शिरायचं.

मला ती नको होती. विलायती गाडीचे सुटे भाग आणायचे कुठून? पण नंदू अडून बसला. एक दिवस एकटाच तिला वाळूत चालवून आला.

"कशी आहे?"

"रुतली होती. पण झटक्यात निघाली. विलास, डोळे मिटून घे."

मी डोळे मिटून घेतली.

किल्ली देताना हवेलीचा कारभारी म्हणाला, "साब, रेत में फँस जाए तो घबराइए मत. निकल जाती है."

मी हसलो. नंदू हसला नाही, हे मला नंतर आठवलं.

वाळूचा एक नियम आहे. रुतलेली गाडी सुटली की घट्ट जमीन लागेपर्यंत थांबवायची नाही. थांबली की पुन्हा रुतते. म्हणून आमचं ठरलेलं होतं. ढकलणाऱ्याने धावत मागच्या झाकणातून आत उडी मारायची, झाकण ओढून घ्यायचं आणि ओरडायचं, "बसलो, चल!" चालवणाऱ्याने मागे बघायचं नाही.

त्या दुपारी एका वस्तीवरून परतताना नदीच्या मधोमध गाडी रुतली.

पश्चिमेकडून पिवळी भिंत सरकत येत होती. उजेड तांबूस झाला.

"उतर तू. ढकल," नंदू म्हणाला.

"मी? तुझ्या वजनाने तर ट्रक निघेल. तू उतर."

एरवी त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या. आज स्टिअरिंग घट्ट धरून बसला.

"नको. मी नाही उतरणार."

मी उतरलो. झाकण उघडलं, त्याच्या कडेला हात लावले, जोर दिला.

गाडी हलली नाही.

पुन्हा जोर दिला...

आणि ती एकदम हलकी झाली. माझ्या शेजारी आणखी कुणी खांदा लावावा तशी. गाडी सुटली आणि मी तोंडावर पडलो.

तोंड वाळूने भरलं.

झाकण आपटल्याचा आवाज आला...

"बसलो, चल!"

आवाज माझा होता.

माझे ओठ मिटलेले होते. मी वाळू थुंकत होतो. गाडी पुढे जात राहिली, आणि मग आंधी आली.

मी ओरडलो. माझंच मला ऐकू येईना. चाकांच्या खुणा धरून चाललो, तर त्याही डोळ्यांदेखत पुसल्या गेल्या. मग टेलिफोनचा एक खांब हाताला लागला. त्याला मिठी मारून बसलो. इथेच गाडला जाणार, असं वाटलं. वाटलं, नंदू येईल.

नंदू आला नाही.

वारा पडल्यावर खांबांच्या रांगेने चालत पक्क्या सडकेला लागलो. जाताना जिथे थांबलो होतो, त्याच टपरीसमोर आमची गाडी उभी होती. नंदू बाकावर बसून चहा पीत होता.

मला समोरून येताना पाहून त्याचा हात थांबला.

"तू... तू तर मागे बसलायस ना?"

मी गाडीकडे पाहिलं.

"आत्ता बोललास की! चहाला उतर म्हटलं, तर म्हणालास, मागेच दे."

टपरीवाला कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहत होता. "दूसरे साब तो पीछे बैठे हैं. गिलास मैंने ही पकड़ाया."

आम्ही मागे गेलो. झाकण उघडलं.

आत कुणी नव्हतं. चहाचा ग्लास होता. रिकामा. अजून कोमट.

तळाशी बोटभर वाळू.

मी बसने घरी आलो.

दोन दिवसांनी नंदू आणि त्याची बायको रमा घरी आले. तो जमिनीकडे बघत बसला. बोलली ती रमा.

"भावोजी, गाडी बघायला गेले होते त्या दिवशीही ती मागून कुणीतरी ढकलली होती. हे तर एकटेच होते. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. तुम्हाला बोलले नाहीत का?"

विभाच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू घेतली असतीस का? अशी गाडी पुन्हा मिळाली नसती, विलास."

"आणि परवा मला का उतरवलंस?"

त्याचं उत्तर त्याने दिलं नाही. आजवर दिलेलं नाही. त्या आंधीची भीती माझ्या मनातून कधीच गेली. हा प्रश्न गेला नाही.

गाडी त्याने परस्पर सीकरच्या एका व्यापाऱ्याला विकली. पुढे त्याची बदली झाली. निघताना तो भेटायला आला. मी दार उघडलं नाही.

त्याला मागे खरंच कुणी बसलंय असं वाटलं, की तो घाबरून पळाला? टपरीवाला सांगत होता ते खरं असेल, तर नंदू एका बाबतीत तरी खोटं बोलला नव्हता. मी हे पुष्कळदा तोलून पाहिलं. तेव्हापासून गाडीत शिरल्यावर मात्र मी काही बोलत नाही. नुसतं दार लावतो.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी फोन वाजला. सीकरचा तो व्यापारी होता. आमची कधीच भेट झाली नव्हती. माझा नंबर त्याला नंदूने दिला होता.

"हाँ, कौन?" मी म्हणालो.

त्याने मला तेच पुन्हा म्हणायला सांगितलं. मग तो बोलू लागला. गाडी चांगली आहे, म्हणाला. वाळूत अडकली तरी निघते. फक्त एक विचारायचं होतं. त्याला मराठी येत नाही, घरात कुणालाच येत नाही.

"भाईसाहब, ये 'बसलो, चल' का मतलब क्या होता है?"

मी रिसीव्हर घट्ट धरला. "किसने कहा आपसे?"



"यही तो समझ में नहीं आ रहा, भाईसाहब. आवाज़ तो आप ही की है."