दोन पॉइंटांचा गोल

बायकोचं नाव मोठं झालं की नवऱ्याला आनंद होतो, असं म्हणणाऱ्याला एकदा भोरच्या वसंतरावांकडे चहाला पाठवावं. एसटी डेपोत आयुष्यभर वाहतूक नियंत्रक म्हणून आवाज गाजवलेला माणूस, आणि आता दार उघडलं की लोक विचारायचे, “मालिनीताई आहेत का?” मालिनीताई विमा कंपनीत अपघातांचे तपास करायच्या. निवृत्तीनंतर खासगी तपास घेऊ लागल्या आणि वसंतरावांच्या पोटात रोज थोडं थोडं दुखू लागलं.

त्या सकाळी दारात सुलक्षणा होती. आंबवड्याची पोर, भोरच्या बाजारपेठेत डिझाईनचं दुकान चालवणारी. तिनंही तेच विचारलं.

“आहेत,” वसंतराव फणकारले. “आम्हीही आहोत.”

“ताई, माझ्या नावाला कुणीतरी काळं फासलं,” सुलक्षणा आत येऊन म्हणाली.

गावातल्या देवळाच्या भिंतीत दगडाचा दोन फुटी गोल झरोका होता. त्यात बसवायच्या पितळी जाळीचं ड्रॉइंग तिनं केलं होतं. काल गाव जमलं, नारळ फुटला आणि जाळी काही केल्या आत जाईना.

“गवंड्यानं चांगली सूतभर, इंचाचा आठवा भाग, जागा सोडलीया. तरी बसंना! देवळाच्या कमानीचं काम मलाच मिळणार हुतं. आता समिती म्हणती, पोरीला जमत न्हाई, स्वानंद सरांना द्या. आज दुपारी ठरवणारेत.”

“तुझ्या कंप्युटरमधलं ड्रॉइंग?”

“बरोबर हाय. पण ते म्हणत्यात, तू मागनं नीट केलंस.”

“फाईल कुणाकुणाच्या हातून गेली?”

“माझी चुलत बहीण सोनिया पेनड्राइव्ह घेऊन गेली. आधी स्वानंद सरांच्या क्लासात. मशिनला चालंल असा फॉरमॅट त्यांनी करून दिला. मला शिकवलं बी त्यांनीच. मग पप्पूच्या कटिंग मशिनवर.”

आंबवड्याच्या देवळात जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. वसंतरावांनी टेप हिसकावूनच घेतला. उभं माप घेतलं, आडवं घेतलं.

“दोन फूट. दोन फूट. अगदी बरोबर!” ते डेपोतल्या आवाजात म्हणाले. “झरोकाच वाकडा आहे. झाला तपास.”

मालिनीताई जाळीच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. काल ढकलताना दगडाला घासून पितळ चार जागी खरवडलं होतं, आणि चारही जागा तिरक्या बाजूंना होत्या. त्यांनी टेप तिरका धरला, माप पाहिलं आणि गुंडाळला. आतल्या कमळाच्या पाकळ्या मात्र रेखीव होत्या. झरोकाही त्यांनी चहूकडून मापला.

“झरोका गोल आहे,” त्या म्हणाल्या. वसंतरावांना ते अजिबात आवडलं नाही.

पप्पू भोरमध्ये मशिनशेजारीच भेटला. तो आधीच तापलेला होता.

“टाळ्या डिझाईनवालीला, शिव्या मशिनवाल्याला! म्या जसं आलं तसं कापलं. मशिन वाकडं चाललं असतं तर आतलं कमळ बी वाकडं झालं असतं की!”

त्यानं आलेली फाईल उघडून दाखवली. मालिनीताईंनी आतल्या एका गोलावर क्लिक केलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार ठिपके उमटले. बाहेरच्या, जाळीच्या कडेच्या मोठ्या गोलावर केलं. वर एक, खाली एक. बस्स.

सोनिया सुलक्षणाच्याच दुकानात कामाला होती. ती मान फिरवून बसली होती.

“कमान मला काढायची हुती. समोरचं गिऱ्हाईक तिलाच इचारतं, मला कोण इचारतंय? जळते मी, व्हय! पण फाईलला हात न्हाई लावला.”

“मला एक गोल काढून दाखव बरं.”

सोनियानं सॉफ्टवेअरमधला तयार गोल उचलला आणि माउसनं ओढला. त्यावर चार ठिपके होते.

“हिनंच केलं,” बाहेर पडताना वसंतराव कुजबुजले. “स्वतःच्या तोंडानं कबूल करते, जळते म्हणून.”

“जळणं गुन्हा असता तर अहो, निम्मं भोर आत असतं,” मालिनीताई म्हणाल्या. वसंतराव एकदम बूट नीट करू लागले.

स्वानंद सरांनी क्लासात त्यांचं हसून स्वागत केलं.

“गुणी पोरगी, पण घाई फार. मी फक्त फॉरमॅट बदलला. या, बसा, तुम्हाला खरी कला दाखवतो.” बघता बघता त्यांनी पडद्यावर एक देखणी कोयरी काढली. “रेष पेलणारे ठिपके, म्हणजे पॉइंट, किती? दोन! जितके पॉइंट कमी, तितका हात मोठा. आजकालची पोरं तयार आकार ओढतात आणि स्वतःला कलाकार म्हणवतात.”

“सुंदर,” मालिनीताई मनापासून म्हणाल्या.

दुपारी देवळाच्या मंडपात समिती बसली. अध्यक्ष ज्ञानूअण्णा, सुलक्षणा, सोनिया, पप्पू आणि नवं उपरणं घेतलेले स्वानंद सर. मालिनीताईंनी सुलक्षणाचा लॅपटॉप पुढे ठेवला.

“सर, मंडळींना तुमच्या हातचा एक गोल दाखवा ना. तयार नको, हातचा.”

वसंतरावांना वाटलं, कोण असल्या सापळ्यात पाय घालेल? पण सर कौतुकाला भुकेलेले. त्यांनी वर एक पॉइंट दिला, खाली एक, दोन्हीकडून रेषेला वळण देणाऱ्या दांड्या ओढल्या आणि झोकात मागे सरले. गोल अगदी गरगरीत दिसत होता.

मालिनीताईंनी त्यावर तेवढ्याच मापाचा तयार गोल आणून ठेवला आणि चित्र मोठं केलं. वर जुळलं. खाली जुळलं. डावी-उजवीकडे जुळलं. चार तिरक्या बाजूंना मात्र सरांचा गोल फुगून बाहेर आला होता.

“असं कसं?” सर पुटपुटले. “दांड्या तर बरोबर...”

“कितीही ओढा, सर. दोन पॉइंटांमधल्या या वक्ररेषेला अख्खा अर्धगोल पेलत नाही. चार तुकड्यांतही ती पुरती गोल होत नाही, पण तिथं फरक केसाएवढा. दोन तुकड्यांत, या जाळीच्या मापाला, एकेका बाजूला जवळजवळ दोन सूत. गवंड्यानं जागा सोडली होती एक सूत. म्हणून जाळी तिरक्या बाजूंना खरवडली, आणि उभं-आडवं माप मात्र बरोबर आलं.”

वसंतराव खाली पाहू लागले.

“मशिन बिघडलं असतं तर कमळही बिघडलं असतं. सुलक्षणानं गोल काढताना तयार आकार वापरला. आतले गोल चार ठिपक्यांचे आहेत. सोनियाची सवयही तीच. पप्पूकडे पोचलेल्या फाईलमध्ये बाहेरचा एकच गोल दोन ठिपक्यांचा. तिघांच्या हातून फाईल गेली, आणि दोन पॉइंटांचा अभिमान त्यांत एकालाच आहे.”

स्वानंद सरांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं.

“बिघडवायचं नव्हतं हो,” ते म्हणाले. “माझ्याकडे माउस धरायला शिकली ती. आणि माझ्या गावात, माझ्यासमोर, लोक हिच्या जाळीचं कौतुक करणार! सहन होईना मला. वाटलं, बाहेरची एक रेष तरी माझी असू दे. कुणाला कळलं नसतं, मला कळलं असतं.”

“आणि काल माझ्यावर थुंकत हुते सगळे, तवा?” सुलक्षणानं विचारलं.

“तेव्हा कळलं होतं, काहीतरी माझ्या गोलातच आहे. पण कमान माझ्याकडे येत होती.”

ज्ञानूअण्णा खाकरले. “कमान पोरीचीच. आन् जाळी पुन्हा कापून घ्या.”

सुलक्षणा हसली नाही. तिनं लॅपटॉप ओढला आणि कमानीचं ड्रॉइंग उघडून सरांपुढे फिरवलं. कमानीच्या पायथ्याशी तिचं नाव होतं, आणि त्याच्या वर, तिच्यापेक्षा मोठ्या अक्षरात, ‘गुरुवर्य स्वानंद सर’.

“हे म्या पहिल्या दिवशीच टाकलं हुतं, सर. एक रेष कशाला चोरली?”

सरांनी हात पुढे केला. सुलक्षणानं ती ओळ निवडली आणि पुसून टाकली.