टाकीतली चौथी जागा

मी आता सांगतो त्यातलं अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही, ही माझी पैज. माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवून भिसेगावात कुणाचं भलं झालेलं नाही, हे चहावाला पोपट शपथेवर सांगेल. घाटात उलटी घसरणारी मालगाडी मी मुंडासं दाखवून थांबवली, ती त्याला अजून थाप वाटते. वाटू दे. आत्ता तो इथे इंदूबाईच्या बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलाय, आणि इंदूबाई आत मान खाली घालून बांगड्या दोऱ्यात ओवतेय. तिला ही गोष्ट माहीत आहे. अर्धी तरी.

सत्तरच्या पुढची सालं. ठाकुरवाडीच्या घाटाखाली कमळाकरशेठनी द्राक्षबाग लावली, वाइनचा सरकारी परवाना आणून भिंतीला टांगला आणि मला मुकादम केलं. या मातीत द्राक्ष येईल असं त्यांना मीच छातीठोक सांगितलं होतं. भाताच्या मुलखात द्राक्ष म्हणजे काय दुखणं, ते मला विचारा. पावसात पानांवर केवड्याचा रोग, थंडीत भुरीची बुरशी, घड भरला की बुलबुल. उन्हाळ्यात छाटणी केली की कापलेल्या टोकांतून वेल टपटप पाणी गाळतो. शेठ म्हणायचे, बघ, वेलसुद्धा तुझ्या नावानं रडतोय.

तरी घड आले. फसला तो रस. पिंपात काही दिवस छान बुडबुडायचा, आणि एका सकाळी झाकण काढावं तर शिरक्याचा, म्हणजे आंबट व्हिनेगरचा भपकारा. पिंपं उकळत्या पाण्यानं धुतली, गंधकाची धुरी दिली, नाशिकहून जाणता माणूस बोलावला. त्यानं चव घेतली, थुंकला आणि जेवून गेला. लागोपाठ दोन हंगाम हेच. मग शेठनी सांगून टाकलं, तिसऱ्याही वर्षी शिरका झाला तर वेली उपटायच्या आणि जमीन मोहोपाड्याच्या गोदामवाल्याला द्यायची. ते जमीन विकून मोकळे होणार होते. एकेक वेल तारेवर चढवला होता मी.

आमच्याकडे द्राक्षं तुडवायची ती पायांनी. सिमेंटची गुडघाभर उंच टाकी आणि चार बायका: येसूबाई, पारूबाई, ही इंदूबाई आणि ठकूबाई. साऱ्या जन्मभर भात लावलेल्या. लावणीत बाई मागे मागे सरकते, तीच खोड टाकीत. आडवा बांबू हातांत धरून चौघी एका रांगेत, तुडवत मागे मागे. बाहेरसुद्धा तशाच यायच्या, काठ ओलांडून, दोरीला धरून, उलट्या पावलांनी नळापर्यंत. मी ओरडून थकलो. फरशीवरचे जांभळे ठसे बघितले तर वाटावं की बायका टाकीत शिरल्यात. असायच्या त्या बाहेर पडलेल्या.

त्यांत ठकूबाईचा ठसा लांबून ओळखू यायचा. उजव्या पायाची करंगळी विळ्यानं गेलेली. पण पाय असा हलका की द्राक्षाचं बी कधी फुटायचं नाही. हंगाम सरला की चौघींना मी हिरवा चुडा द्यायचो, ही बागेची रीत. ठकूबाईचा हात लहान पोरीएवढा, तिच्या बांगड्या वेगळ्या शोधाव्या लागत. दुसऱ्यांदा रस नासला तेव्हा बाकीच्या हळहळल्या. ती म्हणाली, "पुढल्या साली मी आंबट होऊ देत नाय."

श्रावणात वेल बांधताना तिला पान लागलं, साप डसला. खालापूरचा दवाखाना गाठायच्या आतच गेली.

तिसरा हंगाम. भर दुपार, वर घाटात इंजिनाची शिट्टी, टाकीवर गांधीलमाश्या. तिघी तुडवत होत्या. बांबूच्या डाव्या टोकाची जागा त्यांनी मोकळी ठेवलेली. मी म्हटलं, पसरून उभ्या राहा, तिकडचे घड तसेच राहतील. कुणी ऐकेना. आधीच जीव कावलेला, त्यात हे.

मग मला दिसलं, बांबूचं ते मोकळं टोक खाली दबलंय. बांबू ओला असेल, मी म्हटलं.

थोड्या वेळानं तिकडचे घड बसायला लागले. तिथवर कुणाचाच पाय पोचत नव्हता. रस वर आला. टाकीचा तळ उतरता असेल, म्हटलं. पण तो तळ मीच घालून घेतला होता, आणि उतार दुसऱ्या बाजूला होता.



तिघी बाहेर आल्या, नेहमीसारख्या उलट्या. नळाशी पाय धुतले. फरशीवर तिघींचे ठसे, बोटं टाकीकडे.

आणि डाव्या कडेला आणखी एक रांग. बोटं नळाकडे. सरळ.

आधी मी चिडलोच. म्हटलं, ही कोण शहाणी सरळ चालत आली? मी वाकून बघितलं. उजव्या ठशाला करंगळी नव्हती.

मी म्हटलं, ठकूबाई तर कधी सरळ बाहेर आली नाही.

येसूबाई पदराला हात पुसत होती. "आतापन उलटीच आली आसल," ती म्हणाली. "पायच उलटं झालं, तर ठसा सरळच पडायचा."

मी नळी घेतली आणि फरशी धुऊन काढली. ती रांग दोनदा धुवावी लागली.

त्या वर्षी रस नासला नाही. शेठनी पेला उन्हात धरला, घोट घेतला आणि गोदामवाल्याला नकार धाडला. वेली राहिल्या. आजही आहेत, मुकादम अजून मीच.

पोपटाला विचारायचं असतं की ठकूबाई पुन्हा आली का. छे! मी काय खुळा आहे? पुढच्याच हंगामाला पुण्याहून लोखंडी यंत्र आणवलं, टाकीच्या खोलीला कुलूप ठोकलं. तेव्हापासून त्या टाकीत कुणी पाय—

"खोटं," इंदूबाई म्हणाली. मान खालीच. "यंतर कदी आलंच नाय. आमी तिगी त्या सालापासनं टाकीकडं फिरकलो नाय. आन् वाइन तर दर साली झाली."

पोपट हसायच्या बेतात होता, तो तसाच राहिला.

"टाकीत बाई नव्हती, तर दर शिमग्याला माज्याकडनं एक हिरवा चुडा कुणासाटी नेतोस रं, हिरामणदादा?"

तिनं दोऱ्याला गाठ मारली आणि ओवलेल्या बांगड्या माझ्यापुढे पायरीवर ठेवल्या. लहान पोरीच्या हातात जातील एवढ्याच होत्या.

"यंदाच्या न्यायच्या ऱ्हायल्यात."