पुढरेघ

"हे अक्षर माझं नाही," डॉक्टर उकिडवे म्हणाले आणि त्यांनी लेखनपाटी टेबलावरून पलीकडे ढकलली.

पलीकडे मुक्ता हळबे बसली होती. ती चिपळूणच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायची. गोवर, गालगुंड, मोडलेला हात, तिचं सगळं याच दवाखान्यात बरं झालं होतं. त्यामुळे ती प्राध्यापक झाली तरी डॉक्टर तिचे काकाच राहिले होते.

पाटीवर एक ओळ होती. 'द्वारकाबाई शिगवण. चक्कर येते. पाण्याची गोळी बंद.' अक्षर वेडंवाकडं होतं, उकार घसरत घसरत खालच्या ओळीत गेलेले. द्वारकाबाईंचं हृदय अशक्त होतं, आणि अंगात साठणारं पाणी बाहेर काढणारी ती गोळी त्यांना रोज लागायची. ती बंद केल्यावर बाराव्या दिवशी त्यांना धाप लागली आणि आठ दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. जीव वाचला, पण जिल्ह्याच्या वैद्यक समितीचं पत्र डॉक्टरांकडे आलंच. ही नोंद आपण स्वतः लिहिली आहे काय, ते स्वहस्ते कळवावे.

'स्वहस्ते' या शब्दाला त्या दिवसांत भलतंच वजन आलं होतं. यंत्रं इतकं झकास लिहू लागली होती, की छापील मजकुरामागे कोणी माणूस आहे की नाही याचा काही भरवसा उरला नव्हता. म्हणून हस्तलेखन कायदा आला. डॉक्टर, वकील, न्यायाधीश यांनी महत्त्वाचं सगळं पाटीवर पेनाने लिहायचं, आणि हाताची प्रत्येक हालचाल पाटीने नोंदवून ठेवायची. रेघ आहे म्हणजे मागे माणूस आहे, असं कायद्याने धरून चाललं. कायदे करणाऱ्यांचा माणसांवर फार विश्वास असतो.

उकिडव्यांनी त्यातही काळजी घेतली होती. आपल्या पेशंटांची दुखणी कुठल्या कंपनीने वाचलेली त्यांना चालणार नव्हती. म्हणून पाटीसाठी त्यांनी 'टाक' घेतला. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेला, कोणीही उघडून तपासावा असा फुकट प्रोग्रॅम. मुक्ताही त्या मंडळींपैकी एक. टाक दवाखान्याच्या कपाटातल्या डबीएवढ्या एका संगणकावर चालायचा, त्यामुळे अक्षर दवाखान्याबाहेर जायचं नाही. शिवाय तिथल्या वायफायवर पहारा ठेवायला मुक्तानेच 'जागल्या' बसवून दिला होता. कुठलं उपकरण कोणाशी किती वाजता बोललं, हे तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत टिपून ठेवायचा.

"कोणीतरी बाहेरून घुसलंय," डॉक्टर म्हणाले. "माझ्या नावाने खरडून गेलंय. तुझ्या जागल्याला विचार."

मुक्ताने विचारलं. तासभर ती लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसली. मधेच तिने एक चमत्कारिक गोष्ट केली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, उलटं केलं आणि साध्या बॉलपेनसकट काकांपुढे ठेवलं.

"पाटीवर आहे तीच ओळ इथे लिहा."

"परीक्षा घेतेस माझी?"

"लिहा हो काका."

डॉक्टरांनी लिहिलं. साध्या कागदावर लिहून त्यांना वर्षं झाली होती. हात थोडा थरथरतो हे त्यांना ठाऊक होतं. चहाची बशी वाजायची, एवढंच. लिहून झाल्यावर त्यांनी पान पाटीशेजारी धरलं. उकार घसरून खालच्या ओळीत गेले होते.

"म्हणजे ते..."

"बाहेरून कोणीही आलेलं नाही, काका. त्या दिवशी दुपारी डबीत टाकची नवी आवृत्ती उतरत होती. अकरा मिनिटं डबी बंद होती. द्वारकाबाई नेमक्या त्या अकरा मिनिटांत आल्या. ती ओळ तुम्ही एकट्याने लिहिलीत."

"एकट्याने म्हणजे? एरवी कोण असतं माझ्याबरोबर?"

मुक्ताने चष्मा काढून पुसला. वाईट बातमी कशी सांगायची हे ती डॉक्टरांकडूनच शिकली असावी. आधी साधं सांगायचं.

"पाटीवर पेन पुढे जातं आणि शाई किंचित मागून येते. डोळ्याला ते खुपतं, चिखलात लिहिल्यासारखं वाटतं. म्हणून आम्ही एक युक्ती केली. पेन आता कुठे जाईल याचा अंदाज करायचा आणि तेवढी रेघ आधीच फिकट काढून ठेवायची. तिला आम्ही पुढरेघ म्हणतो. सेकंदाचा शंभरावा हिस्सा, जास्त नाही. 'ताप' लिहायला घेतलं, 'ता' झाला, की पुढे 'प' येणार हे कोणीही सांगेल."

"मग?"

"थरथरणाऱ्या हाताला शंभरावा हिस्सा पुरत नाही. टाक हाताकडून शिकतो. तुमचा हात जसा अडखळू लागला, तशी त्याने पुढरेघ रोज केसभर लांबवली. तुम्हाला कळलं नाही, कळावं इतकी ती कधी एकदम वाढलीच नाही. अंदाज अचूक यावा म्हणून तो पेशंटचे जुने कागद वाचू लागला, मग तपासण्या, मग औषधांची पुस्तकं. आज तुमची पुढरेघ दीड सेकंदाची आहे."

"दीड सेकंद म्हणजे कितीसा!"

"दीड सेकंदात डबीची अख्खी ओळ उमटते, काका."

मग तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. जागल्याच्या नोंदींतून एवढंच निघत होतं, की तीन वर्षांत, ती अकरा मिनिटं सोडली तर, प्रत्येक ओळ पाटीवर आधी आली आणि पेन मागाहून. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवतात तसे उकिडवे तीन वर्षं गिरवत होते. ज्या सुबक अक्षराचं त्यांना कौतुक होतं ते डबीचं होतं, आणि जे परक्याचं म्हणून त्यांनी ढकललं ते त्यांचं स्वतःचं.

"मग विचार कोणाचा होता?" त्यांनी विचारलं. "निदान मी करत होतो ना?"

"करत असालही. तुम्हाला वाटायच्या आत ओळ आली, की ओळ बघून तुम्हाला वाटलं, हे जागल्याला कसं कळणार? रेघ आधी होती, एवढंच मला सांगता येतं."

डॉक्टर गोंधळून गेले. लाज वाटावी तर चूक अवघी एक झाली होती. अभिमान वाटावा तर तीन वर्षांत खात्रीने स्वतःची म्हणावी अशी तेवढी चूकच होती. त्यांनी मुक्ताला डबी बंद करायला लावली आणि समितीला उत्तर लिहिलं. होय, ती नोंद माझी आहे. पाच शब्दांना बराच वेळ लागला. दवाखाना आता बंद करायचा, असंही त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावर बसून कंटाळलेल्या द्वारकाबाई आत आल्या. हॉस्पिटलातून सुटल्यावर पहिल्यांदाच दाखवायला आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं आणि काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"म्हणजे गोळी तुम्ही बंद केलीत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हो. मीच. चुकलो."

"आनि गेल्या साली नुसती पायाची सूज बघून छातीची तपासणी लिवून दिलीत, म्हणून मी जगले, ती कोनी लिवली?"

"ते मला माहीत नाही, बाई."

द्वारकाबाईंनी डॉक्टरांकडे बघितलं, मग मुक्ताकडे, मग उघड्या कपाटातल्या डबीकडे. रागावतील असं डॉक्टरांना वाटलं होतं. एका परीने त्यांना ते हवंही होतं.

"चालू कर गो ती," त्या मुक्ताला म्हणाल्या.

"द्वारकाबाई, मी दवाखाना बंद करतोय. दुसऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो."

"त्यांच्याकडं डबी नाय?"

"असेल," मुक्ता हळूच म्हणाली. "सगळ्यांकडेच असते."

"मग मी तिकडं कशाला जाऊ? तीस वर्सं तुम्हाला बघते मी. त्या डबीला नुसता हातच लागतो ना तुमचा? कायद्यापुरता? मग द्या की हात. तेवढ्यानं काय झिजताय?"

डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. मुक्ताने डबी चालू केली. त्यांनी द्वारकाबाईंची नाडी बघितली, छातीला नळी लावली, घोट्यावर अंगठा दाबून सूज पाहिली. सगळं नेहमीसारखं, सावकाश आणि मन लावून केलं. गोळीचं आता काय करायचं याचा विचार करत त्यांनी पेन उचललं. पाटीवर फिकट अक्षरं आली: 'पाण्याची गोळी, सकाळी अर्धी.'

"मलाही हेच वाटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

द्वारकाबाई पाटीकडे बघत होत्या. अर्धी गोळी हे आपल्या मनात अक्षरं दिसण्याआधी आलं की नंतर, हे डॉक्टर उकिडवे आठवत राहिले. आठवेना, तेव्हा त्यांनी पेन टेकवलं आणि ओळ सुबक गिरवून पूर्ण केली.