त्या रात्री नट्याजवळ मी नव्हतो

ही गोष्ट खरी आहे.

खोटी रचायची असती, तर मी तिच्यात स्वतःला जरा बरा माणूस केलं असतं.

गेल्या वर्षी थंडी नुकतीच पडायला लागली होती, त्यातल्या एका शनिवारची रात्र. जागा म्हणजे डोंगरातल्या जुन्या कच्च्या रस्त्यावरची एक दगडी खोली. पूर्वी रस्त्याचं काम करणारे मजूर तिथे मुक्कामाला असायचे. आता नुसतं दार आहे, त्याला कडी नाही. आत एक बाकडं.

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. इथे सांगतोय, कारण ज्याने हे वाचायला हवं, तो भुताखेतांचं काही वाचत नाही. बघा, सांगतानाही मी पळवाट शोधलीच.

तो म्हणजे नट्या. माझा शाळेपासूनचा मित्र. खिशात कायम पाना असायचा, म्हणून नट्या. आता लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. प्रत्येक बोल्ट दोनदा तपासतो. लोकांचे जीव टांगलेले असतात, तेव्हा त्याचं बरोबरच आहे. पण हाच माणूस सायकलवर सोबत असला की जीव खातो.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. आठवडाभर मान खाली घालून बसायचं, त्यामुळे सुट्टीत मला वेग लागतो.

आमचा बेत साधा होता. सायकलींना बॅगा बांधायच्या, डोंगर चढायचा, रात्री त्या खोलीत झोपायचं आणि रविवारी घरी. असं जोडीने जाताना सामान वाटून घेतात. अडीअडचणीला घेतलेला तंबू आणि स्टोव्ह त्याच्याकडे. पंप आणि औषधांचा डबा माझ्याकडे. म्हणूनच एकमेकांना सोडून पुढे जायचं नसतं. आपलं अर्धं सामान दुसऱ्याच्या सायकलवर असतं.

हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

दुपारनंतर नट्या थांबायला लागला.

"थांब रे. मागची बॅग हलतेय."

"हलू दे की! तिला काय लग्नाला जायचंय?"

तो हसला आणि पाना काढून बसला. थोडं वर गेलो, पुन्हा थांबला. मग पुन्हा. सूर्य डोंगराआड जायला लागला आणि माझं डोकं फिरलं.

"अरे, उजेड जाईल!"

"उजेड गेला तर परत येईल. बोल्ट गेला तर मी जाईन."

"तू लिफ्टमध्येच बरा. बटण दाबलं की वर. तुझ्याबरोबर आलो, हीच माझी चूक."

तो गुडघ्यावर बसला होता. त्याने वर पाहिलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"तू हो पुढे. येतो मी."

"होतोच."

आणि मी निघालो. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

खोलीवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दारात उभा राहून वाट पाहिली. खालच्या वळणांवर त्याचा दिवा दिसेल असं वाटत होतं.

दिवा दिसला नाही.

फोनला रेंज नव्हती. मी मनाची समजूत घातली. तंबू त्याच्याकडेच आहे. कुठेतरी ठोकला असेल आणि मस्त चहा करून पीत असेल. उलट चहाविना मीच बसलोय. मला त्याचाच राग आला, हेही सांगून टाकतो.

ब्रेड आणि जॅम खाल्ला. बूट काढून दाराशी ठेवले. बाकड्यावर स्लीपिंग बॅग पसरली आणि आत शिरलो.

डोळा लागत होता...

आणि खालून हाक आली.

माझं नाव.

मी श्वास रोखला. बाहेर वारा होता. वाऱ्याचे आवाज कसेही ऐकू येतात, असं मी स्वतःला सांगितलं.

पुन्हा हाक आली. या वेळी लांबलचक. शेवटी आवाज फाटला.

नट्याचा आवाज होता. यात शंकाच नव्हती.

उठून बूट घालायचे. टॉर्च घ्यायची. दोन वळणं खाली जायचं. एवढंच करायचं होतं. पण बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता आणि आत ऊब होती. शिवाय दुपारचा राग अजून घशात होता. सायकल ढकलायला बोलावत असेल, मी म्हटलं. एवढा बोल्ट घट्ट केलाय, तर ये की स्वतः!

मी स्लीपिंग बॅग कानांवर ओढून घेतली.

तिसरी हाक त्यातूनही ऐकू आली.

मग हाका थांबल्या.

सगळं इतकं शांत झालं, की मलाच भीती वाटायला लागली. बॅग खाली केली. कान देऊन पडून राहिलो.

आणि मग... बोलण्याचा आवाज आला.

खूप खालून. दोघंजण बोलत होते. शब्द कळत नव्हते. एक नट्या होता. दुसरा त्याला हळूहळू काहीतरी समजावत होता. मध्येच नट्या हसल्यासारखा वाटला.

माझ्या जिवात जीव आला. भेटलं वाटतं कोणीतरी, म्हटलं. सुटलो.

तो दुसरा आवाज ओळखीचा वाटत होता. कोणाचा, ते काही केल्या आठवेना. आठवता आठवता मी झोपलो. गाढ झोपलो, तेही सांगतो.

सकाळी उठलो तर नट्या नाही.

बूट घातले आणि सायकल घेऊन उतरलो. रस्ता ओला होता, चाकं घसरत होती. दुसऱ्या वळणावर त्याची सायकल दिसली. कडेच्या दगडाला नीट टेकवून ठेवलेली.

तिच्या हँडलला बांधलेली स्लीपिंग बॅग नव्हती.

"नट्या!"

"ओरडू नकोस, इथेच आहे."

आवाज खालून आला. रस्त्याच्या कडेला उतार होता आणि मग एक सपाट कपार. मी धरत धरत खाली उतरलो. नट्या खडकाला पाठ लावून बसला होता. गळ्यापर्यंत स्लीपिंग बॅग. ओठ पांढरे, पण तोंडावर हसू.

"काय रे, मिळाली का रेंज?"

मला काही कळेना.

"रेंज?"

"अरे, उजाडताना गेलास ना फोन लावायला? मिळाली का?"

मग तोंडातून निघून गेलं,

"नाही. नाही मिळाली."

हे पहिलं खोटं.

"जाऊ दे. येईल कोणीतरी. तू आधी बस जरा. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही तुझ्या."

त्याने बॅग बाजूला केली. अंधारात तोल जाऊन उतारावरून पडताना डाव्या पायाची नडगी मोडली होती. पँट रक्ताने कडक झाली होती. पण पाय सरळ बांधलेला होता. आधाराला एक काठी लावून, वरून पांढऱ्या पट्ट्या गच्च गुंडाळलेल्या.

मी वाकून पाहिलं.

ती काठी नव्हती.

तो पंप होता. माझा पंप. मुठीजवळची निळी चिकटपट्टी मीच लावली होती.

मी वर रस्त्यावर आलो. माझ्या सायकलची मागची बॅग अजूनही बंद होती. दोन्ही पट्टे काल मी जसे ओढले होते, तसेच. ती सबंध रात्र माझ्या बाकड्याखाली होती.

उघडली...

पंप नव्हता. औषधांचा डबा होता. डब्यात पट्ट्या नव्हत्या.

माझं डोकं भराभर चालायला लागलं. म्हणजे मीच गेलो होतो? झोपेत? माणसं झोपेत चालतात. मी उठलो असेन, हे सगळं केलं असेन आणि परत येऊन झोपलो असेन. खरं सांगतो, त्या क्षणी भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. म्हणजे मी इतका काही वाईट नाही, असं वाटलं.

मग मला बूट आठवले. रात्रभर पाऊस पडला होता. दोन वळणं चिखल होता. आणि सकाळी मी घातले, तेव्हा बूट कोरडे ठणठणीत होते. मोजेही.

मी नव्हतो.

खालून नट्याने विचारलं,

"बाकी सगळं केलंस, पण टॉर्च का नाही लावलीस रे रात्रभर? तोंड नाही दिसलं तुझं एकदाही."

"सेल संपले होते," मी म्हटलं.

टॉर्च माझ्या खिशात होती. चांगली चालू.

पुढचं सगळं भराभर झालं. लाकडं नेणारा एक ट्रक आला. ड्रायव्हरने आणि मी नट्याला उचलून चढवलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या आणि विचारलं,

"कोणी बांधलं हे?"

नट्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"पाय वाचवलात तुम्ही. आणि थंडीत याला जागं ठेवलंत, ते त्याहून मोठं काम केलंत. एकटा असता तर सकाळी काही उरलं नसतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात वहिनी आल्या. नट्याची बायको. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागल्या.

"भाऊजी, तुम्ही नसतात तर..."

मी नव्हतोच, वहिनी. हे म्हणायला किती वेळ लागतो? पण माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. मी मान खाली घातली आणि तो लोकांना विनय वाटला.

नट्याच्या आईने आल्यागेल्याला सांगितलं. लॅबमध्ये बातमी गेली, तिथे साहेबांनी सगळ्यांसमोर मला हार घातला. माझ्या मुलीने शाळेत निबंध लिहिला, 'माझे शूर बाबा'. तिने तो वाचून दाखवला तेव्हा मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बसलो.

एकदा तिने माझा आवाज गंमत म्हणून फोनवर रेकॉर्ड केला आणि मला ऐकवला. आपलाच आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो ना? तसा वाटला. पण परका असून तो ओळखीचा होता.

डोंगरात त्या रात्री नट्याला समजावणारा दुसरा आवाज.

तोच.

मी फोन उलटा करून ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडला नाही का?"

त्यानंतर ठरवलं, नट्याला सगळं सांगून टाकायचं. शिव्या देईल, देऊ दे. मैत्री तोडेल, तोडू दे. निदान त्याच्या घरचा चहा तरी घशाखाली उतरेल.

गेल्या महिन्यात गेलो. तो आता काठीशिवाय चालतो. वहिनी ऑफिसला गेल्या होत्या. तो खिडकीपाशी बसून मिक्सर खोलत होता. मी समोर बसलो.

"नट्या, त्या रात्रीबद्दल बोलायचंय."

त्याने स्क्रू ताटलीत ठेवला.

"बोलायचं काय त्यात? तू बोललास की सगळं तेव्हाच."

"काय बोललो?"

"आता परत माझ्याकडून ऐकायचंय का?" तो जरा अवघडला. "म्हणालास, पहिल्याच हाकेला ऐकलं होतं. ऊब सोडवली नाही म्हणून उठलो नाही. बॅग कानांवर ओढून घेतली. रडत होतास रे. लहान पोरासारखा. मी म्हटलं, वेड्या, आलास ना शेवटी? मग झालं तर! तेव्हाच माफ करून टाकलं मी. मग तू असा तोंड पाडून का फिरतोस वर्षभर?"

बॅग कानांवर ओढल्याचं जगात एकालाच माहीत होतं. आणि नट्या ते ऐकत होता, तेव्हा तो एक वर बाकड्यावर घोरत होता.

माफी दिली गेली होती. मला नाही. दुसऱ्याच कोणाला.

"अजून... अजून काय म्हणालो?"

नट्या हसला. पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

"एक विचित्रच बोललास. उजाडायला आलं होतं. म्हणालास, 'आता मी जातो. थोड्या वेळाने मी परत येईन. तेव्हा मी खोटं बोलेन. मला बोलू दे.'"

मिक्सरचं पातं त्याच्या हातात तसंच होतं.

"मला वेदनेत भास झाला असेल," तो म्हणाला. "पण राहून राहून डोक्यात येतं."

मग त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. डोंगरात गुडघ्यावर बसून पाहिलं होतं, तसंच. चिडलेला नाही.

"काय खोटं बोललास रे तू?"

सांगायला मी तिथे गेलो होतो. सगळे शब्द तयार होते. त्याने तर दारही उघडून दिलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "भासच झाला असेल तुला."

नट्याने मान हलवली, ताटलीतला स्क्रू उचलला आणि पुन्हा मिक्सर जोडायला लागला. त्याने मला खोटं बोलू दिलं.