हा फोल्डर सध्या दुसरं कुणीतरी वापरत आहे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. शपथा घ्यायची मला सवय नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि त्यातलं शेवटचं मी स्वतः पाहिलंय. भर दुपारी.

दोघी बहिणी. थोरली ती ताई. धाकटीला सगळे अजूनही चिमणी म्हणतात.

मावशी गेली तेव्हा चिमणी पाळण्यात होती. आईचा आवाज तिला ठाऊकच नाही. ताईला पुसट आठवतो. काकांनी, म्हणजे या दोघींच्या वडिलांनी, मावशीच्या गाण्याच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या, आणि तो फोल्डर कुलूप लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवला होता. पुढे कॅसेटींना बुरशी लागली.

मग काका गेले. पासवर्ड कुणालाच न सांगता.

त्यांचं आजारपण सगळं ताईने काढलं. औषधं, अंघोळ, रात्रीची जागरणं. चिमणी लांबच्या शहरातून यायची, दोन दिवस राहायची, आणि काकांचा चेहरा असा फुलायचा... ताई दारातून बघायची आणि मुकाट्याने भांडी घासायला जायची.

काका गेल्यावर एका दुपारी ती त्यांच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली.

आईचं नाव टाकलं. चुकीचं.

लग्नाची तारीख. चुकीची.

मग स्वतःचं नाव.

चुकीचं.

चिमणीचं नाव तिने टाकूनच पाहिलं नाही.

एवढ्यात पडद्यावर वेगळीच पाटी आली... 'हा फोल्डर सध्या दुसरं कुणीतरी वापरत आहे.'

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तीच पाटी. शेवटी तिने सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, दुसरीकडे कुठेतरी उघडा राहिला असेल. सगळं बंद करा," तिकडचा मुलगा म्हणाला.

"केलं."

"मग आधी त्यांना टायपिंग थांबवायला सांगा ना."

"कुणाला?"

"तुमच्या शेजारी कोण टाइप करतंय त्यांना... कीबोर्डचा आवाज येतोय मला."

ताईच्या एका हातात फोन होता. दुसरा मांडीवर.

खोलीत... चिटपाखरू नाही. आवाजही नाही.

तिने घाबरायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं ते भलतंच. या परक्या पोराला ऐकू येतं, आणि मला नाही?

रविवारी चिमणी आली. खोलीच्या दारातच थबकली.

"ताई... बाबा टाइप करायचे ना, तसा आवाज येतोय गं."

"मला नाही येत," ताई तुटकपणे म्हणाली.

चिमणी खुर्चीत बसली. हात मांडीवर. कीबोर्डला तिने बोटही लावलं नव्हतं.

पासवर्डच्या चौकटीत एक टिंब उमटलं...

मग दुसरं...

मग भराभर.

फोल्डर उघडला.

चिमणीने पहिलं गाणं लावलं, आणि तोंडावर हात धरून हमसाहमशी रडायला लागली. "आई अशी गायची? ताई, अशी?"

ताईने स्पीकरला कान लावला.

नुसती शांतता.

आवाज पूर्ण मोठा केला. तरी शांतता.

"किती गोड गळा, नाही गं?"

"हो ना," ताई म्हणाली. धडधडीत खोटं.

पुढच्या वेळी गाणी घेऊन जाईन, असं सांगून चिमणी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या खुर्चीत बसली. तिने सॉफ्टवेअरच काढून टाकायला घेतलं. पडद्यावर सूचना आली... आतल्या फायली कायमच्या जातील. चालेल?

तिने 'हो' दाबलं.

मला नाही, तर कुणालाच नाही. हे तिचेच शब्द. पुढे तिनेच मला सांगितले.

कॉम्प्युटर, टेबल, खुर्ची, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. चिमणीला सांगितलं, डिस्क जळाली.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. बाहेरचं दार उघडंच होतं. ताई काकांच्या खोलीच्या बंद दाराशी स्टूल टाकून बसली होती. मला बघताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. मी इथे आहे हे कळलं की थांबतात."

"कोण?"

"आता मला येतं रे ऐकू!" इतक्या खुशीत मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. "आत गेले की बंद. 'बाबा, मी आहे' म्हटलं, की लगेच बंद. म्हणून इथेच बसते."

मी दार जरासं ढकललं. आत काही नव्हतं. फरशीवर टेबलाच्या पायांचे डाग तेवढे.

तिने मला मागे ओढलं, दार लावलं.

आणि दाराआडून...

कट्. कट्कट्. कट्.

त्याच्या मागे, अगदी हलकं... एक बाई गुणगुणत होती.

ताईने माझा दंड पकडला. नखं रुतली. "तुला येतंय ऐकू?"

तिचे डोळे ताईचे वाटत नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

तेव्हा कुठे तिने हात सोडला.

परवा चिमणीचा फोन आला. सुट्टी मिळालीय, ताईकडे राहायला जातेय म्हणाली. नको जाऊस, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"का रे?" तिने विचारलं.

मी विषय बदलला. ती आज सकाळी निघाली.