पळसवड्यांच्या मेळाव्यातला गायब फोटो

"डावीकडं! आणखी डावीकडं! अरे, तुझं डावं न्हाई, माझं डावं!" बबलू खालून ओरडत होता.

"स्टुलावर मी उभा आहे. डावं-उजवं मी ठरवणार!" हरिओमने पैलवानांचा फोटो भिंतीला दाबून धरला. "पुनम, टेप दे लवकर! पैलवान घसरून राहिलेत!"

"आयुष्यात जमिनीला पाठ टेकू दिली नाही त्यांनी, आणि तू त्यांना जमिनीवर पाडणार!" पुनमने दातांनी टेप तोडून त्याच्या हातात दिली.

लातूरच्या त्या मंगल कार्यालयात दुसऱ्या दिवशी 'समस्त पळसवडे परिवार स्नेहमेळावा' भरणार होता. हिमायतनगरच्या पलीकडे पळसवड नावाचं गाव आहे. तिथून जो पोटापाण्यासाठी बाहेर पडला, तो जाईल तिथं पळसवडे झाला. मेळाव्याचे अध्यक्ष होते डाळमिलवाले शेषेरावकाका, हरिओम आणि पुनमचे सख्खे मोठे काका. बबलू या दोघा भावंडांचा चुलतभाऊ, खास मेळाव्यासाठी हिमायतनगरहून एसटीने आलेला. सुट्टीत पोरं डोकं खातात म्हणून काकांनी तिघांना कामाला जुंपलं होतं. नाव कमावलेल्या पळसवड्यांचे फोटो जमवायचे आणि भिंतीवर 'आपली रत्नं' मांडायची!

पोरांनी खरंच कमाल केली होती. भिंतीवर पैलवान होते, तबलावादक होते, सैन्यातले सुभेदार होते, निवृत्त न्यायाधीश होते. आणि अगदी मधोमध होत्या डॉ. बी. वाय. पळसवडे, भूकंपाच्या शास्त्रज्ञ!

त्यांना पुनमने शोधलं होतं. पेपरात नाव वाचून तिने थेट फोनच लावला होता. "मी सध्या पळसवडलाच आहे, आईकडे," त्या म्हणाल्या होत्या. "येईन की. पण आईला आणलं तर चालेल? गावाच्या नावानं काही कार्यक्रम असला, तर तिला कुणी बोलावत नाही."

"आजींना पहिल्या रांगेत बसवू! माझा शब्द!" पुनमने ठोकून दिलं होतं.

दुपारी तिघं घरी जाऊन जेवून आले, तेव्हा पुनम दारातच थबकली.

"मधला फोटो कुठंय?"

मधल्या जागी ट्रॅक्टर शोरूमचे मालक अंगदराव पळसवडे हसत होते. त्यांच्यामागे ट्रॅक्टरही हसल्यासारखा दिसत होता.

"हे रत्न कुठून उगवलं?" बबलू म्हणाला.

मेळाव्याचे सचिव श्रीमंतभाऊ खुर्च्या मोजत होते. हरिओमने त्यांना गाठलं. "जागा कमी पडली रे," ते मान वर न करता म्हणाले.

जागा कमी? समोरची अख्खी भिंत मोकळी पडली होती!

शेषेरावकाका म्हणाले, "फोटो फाटला बाळा. काय करता?"

आणि हरिओम-पुनमचे बाबा म्हणाले, "त्यांना यायला जमत नाही म्हणे. मग फोटो कशाला उगीच?"

"एका फोटोला तीन कारणं!" पुनमने भुवया उंचावल्या. "इथं कुणीतरी थापा मारतंय."

"कुणीतरी न्हाई. तिघंही," बबलू म्हणाला आणि तडक स्टेजखाली घुसला. गुंडाळलेल्या सतरंज्यांमागून तो कोळिष्टकं झटकत बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात फोटो होता. कुठं फाटणं नाही की चुरगळणं नाही!

पुनमने लगेच फोटोतल्या ताईंनाच फोन लावला. "ताई, उद्या किती वाजेपर्यंत पोचाल?"

"उद्या? अगं, मेळावा पुढे ढकललाय ना? तुमच्या सचिवांचा फोन आला होता. आईनं बाहेर काढलेलं नवं लुगडं परत पेटीत ठेवलं बघ."

"मी... मी परत करते फोन," एवढंच पुनम म्हणाली.

श्रीमंतभाऊ आता स्वयंपाकघरात आचाऱ्याची बुंदी चाखत होते. तिघांनी त्यांना घेरलं.

"मेळावा पुढे ढकललाय असं तुम्ही ताईंना का सांगितलं?" हरिओमने सरळ विचारलं.

श्रीमंतभाऊंनी हातातली बुंदी परत परातीत टाकली. मग ते चिडले. "काल सन्मानचिन्हावर घालायला पूर्ण नाव विचारलं, तर काय सांगितलं पुनमनं? बुद्धप्रिया! तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. आधीच कळलं असतं तर हा घोळच झाला नसता. ते पळसवडे वेगळे!"

"वेगळे म्हणजे?"

"आपल्यातले न्हाईत."

"त्यांचं गाव पळसवडच ना?" पुनमने विचारलं.

"हाव."

"शाळा?"

"तीच."

"मग वेगळं काय?"

"मोठी झाल्यावर कळंल! पळा आता, लई कामं पडलीत."

तिघं बाहेर ओट्यावर येऊन बसले. एरवी क्षणभर गप्प न राहणारा बबलू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"मला ठाऊक हाय," तो शेवटी म्हणाला. "पळसवडात ओढ्याच्या पल्याड एक वस्ती हाय. गावात लग्न असलं की घरोघर आवतण जातं. ओढा ओलांडून जात न्हाई."

"म्हणजे जात?" पुनम म्हणाली.

तो शब्द त्यांच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. सुशिक्षित घर ना! पाळत मात्र सगळे होते, अगदी बिनबोभाट. हरिओमला आठवलं, बाबा शाळेत भाषण करायला आले होते आणि समतेवर काय सुंदर बोलले होते. सगळ्यात जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या होत्या. आता त्याला त्या टाळ्यांचीच लाज वाटली.

पुनमने पुन्हा फोन लावला. "ताई, मेळावा उद्याच आहे. तुम्हाला खोटं सांगितलं. का ते..."

"का ते मला माहीत आहे. तू नको सांगूस," ताई शांतपणे म्हणाल्या.

"पण तुम्ही याल ना?"

पलीकडून, जरा लांबून, एक म्हातारा आवाज आला. "कोन हाय गं? त्या दिवशीचं लेकरू का? हो म्हण त्याला. लेकरानं शब्द दिलाय. आपल्यापायी खोटा पडू नये."

"येतो आम्ही," ताई म्हणाल्या.

हरिओम उठून उभा राहिला. "आता ऐका! फोटो परत लावला, तर ते परत काढतील. ताईंना दारातून आत आणलं, तर मागच्या रांगेत कोंबतील. काकांच्याच तोंडून त्यांना बोलवायचं!"

"काका बोलावतील?" बबलूने तोंड वाकडं केलं. "म्हशीनं अंडं दिलं तरी न्हाई!"

"हजार माणसांसमोर बोलावतील. बघच तू!"

दुसऱ्या दिवशी कार्यालय खच्चून भरलं. फेटे बांधले गेले, नारळ फुटले, रटाळ भाषणं झाली. मग हरिओम आणि पुनम माईकपाशी आले. 'ओळखा आपलं रत्न' हा त्यांचा खेळ कार्यक्रमात आधीपासूनच ठरलेला होता.

पैलवान ओळखले गेले. तबलावादकही ओळखले गेले. लोक रंगात आले, पोरांची शिट्ट्या मारायची चढाओढ लागली.

"आता शेवटचं रत्न!" हरिओमने माईक दोन्ही हातांनी धरला. "ही व्यक्ती पळसवडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती लहान होती. जमीन का हलते, असं तिनं आईला विचारलं. आईला उत्तर येईना, म्हणून तिनं स्वतःच शोधायचं ठरवलं. आज धरण बांधायचं असो की पूल, मोठमोठे इंजिनिअर तिचा सल्ला घेतात. अशा पळसवड्यांना आज पहिला मान द्यावा की नाही?"

"द्यावा!" सगळं सभागृह गरजलं.

शेषेरावकाकांच्या चेहऱ्याचं भाजलेलं वांगं झालं. श्रीमंतभाऊ माईककडे धावले, पण प्रमुख पाहुणे असलेले न्यायाधीश मध्येच म्हणाले, "वा! शेषेरावजी, तुमचं काय मत?"

"द्यावा," काका पुटपुटले.

"मोठ्यानं, काका! मागं ऐकू येत नाही!" पुनम ओरडली.

"द्यावा! द्यावाच!"

"मग स्वागत करा! डॉ. बुद्धप्रिया यशोदाबाई पळसवडे!"

बबलूने दार सताड उघडलं. ताई आत आल्या. त्यांच्या हाताला धरून नवं हिरवं लुगडं नेसलेल्या यशोदाबाई चालत होत्या, लग्नघरात चुकून शिरल्यासारख्या. पुनमने त्यांना पहिल्या रांगेत नेलं आणि श्रीमंतभाऊंच्या खुर्चीत बसवलं. दिलेला शब्द खरा झाला!

टाळ्या पडत होत्या. पण शेजारच्या काकूंनी पदर आवरला आणि आपली खुर्ची हळूच बाजूला सरकवली. ते हरिओमने पाहिलं. यशोदाबाईंनीही पाहिलं.

काकांनी ताईंना शाल दिली. ताई फार बोलल्या नाहीत. "माझं आडनाव आणि तुमचं, दोन्ही एकाच गावानं दिलं. ते या तीन पोरांच्या लक्षात होतं. त्यांचे आभार," एवढं म्हणून त्या खाली उतरल्या.

काकांनी लगेच माईक हातात घेतला. आता त्यांना कंठ फुटला होता! "आम्ही कधी भेद मानलाच नाही. पळसवडे म्हणजे एक घर, एक रक्त. बुद्धप्रियाताई आमच्याच! आमच्या पोरांनी त्यांना शोधून काढलं." कॅमेरे लखलखले. श्रीमंतभाऊ फोटोत घुसले. बाबा डोळे पुसत होते. खरं पुसत होते की काय, देव जाणे!

पंगती बसू लागल्या, तेव्हा हरिओमला यशोदाबाई दिसेनात. तो फाटकाकडे पळाला. मागोमाग पुनम आणि बबलू. ताई ऑटो थांबवत होत्या.

"आजी, जेवून जा ना! पहाटेपासून उपाशी असाल," हरिओम म्हणाला.

यशोदाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "लई गुणाचा हायस बाळा. मला पुढं बसवलंत, लेकीचं कौतुक डोळ्यानं बघितलं. त्याच्यावर पोट भरलं." त्या जरा थांबल्या. "पंगतीत नको. मी बसल्यावर एखादं माणूस ताटावरून उठलं, तर ते आज सोसायचं न्हाई मला."

ऑटो धूळ उडवत बसस्टँडकडे गेला. पुनम रडत होती आणि डोळे पुसतही नव्हती.

"अरे, इथं आहात होय!" मागून शेषेरावकाका आले. सोबत न्यायाधीश, बाबा, दहा-वीस फेटेवाले. काकांनी हरिओमच्या पाठीवर जोरात थाप मारली. "शाब्बास रे वाघा! आज तुम्ही पोरांनी पळसवड्यांचं नाव राखलंत!"

हरिओमने वळून काकांच्या डोळ्यांत पाहिलं.

"कोणत्या पळसवड्यांचं, काका?"

काकांचा हात पाठीवरून खाली आला. न्यायाधीश पायाशी बघू लागले. आतून कुणीतरी हाक मारली, दुसरी पंगत बसतेय, लवकर या. आणि मोठी माणसं एकेक करून जेवायला निघून गेली.